‘संशोधिकेद्वारे करण्यात आलेले आहे’: प्रबंध लिहायला बसण्याआधी

पीएचडीची नोंदणी होऊन वर्ष झालं, तेव्हा माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘प्रस्तुत संशोधनामध्ये संशोधिकेद्वारे नागरी अवकाशातील मत्स्यविक्रेत्या स्त्रियांच्या दैनंदिन अस्तित्वात्मक वाटाघाटींचे बहुस्तरीय विमर्शात्मक आकलन करण्याच्या अनुषंगाने प्रयत्न करण्यात आलेला आहे.’ लिहून झाल्यावर मी इतकी खूश झाले की मामलेदारची मिसळ खाऊन आले.

गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘कोण? काय करतं?’

मला म्हणायचं होतं ते असं. ठाण्यात रस्त्याकडेला मासे विकणाऱ्या बायका अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पाट्या उचलून गल्लीत शिरतात आणि गाडी गेली की परत तिथेच बसतात. कोणी आधी उठायचं, कोणाची पाटी कोणी धरायची, हे त्यांचं आपसात ठरलेलं असतं. माझ्या वाक्यात ना पाटी होती, ना गाडी. बोंबलाचा तर वासही नव्हता.

नव्याने येणाऱ्यांना वाटतं, अवघड लिहिलं की काम भारी दिसतं. मलाही वाटायचं. खरं तर घाबरले होते. सोपं लिहिलं तर ‘एवढंच?’ असं कोणी म्हणेल, त्यापेक्षा कोणाला कळलंच नाही तर बरं! या भीतीतून मोठमोठी माणसंही सुटलेली नाहीत. १९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने क्वांटम गुरुत्वाकर्षणावर मुद्दाम जडजंबाल, निरर्थक लेख रचून ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाला पाठवला. त्यांनी तो छापला. मग सोकलनेच जाहीर केलं की ही थट्टा होती. त्याच सुमारास ‘फिलॉसॉफी अँड लिटरेचर’ हे नियतकालिक सगळ्यात वाईट विद्वत्तापूर्ण वाक्यासाठी स्पर्धा घेत असे. १९९८ चा पहिला क्रमांक ज्युडिथ बटलर यांना आणि दुसरा मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांना (साहित्य-अभ्यासक भाभा, अणुशास्त्रज्ञ नव्हेत). बटलर यांनी उत्तर दिलं: रुळलेल्या समजुतींना धक्का द्यायचा तर रुळलेली भाषा पुरत नाही. त्यात तथ्य आहे. पण तो धक्का आधी आपल्याकडे असावा लागतो. माझ्याकडे नुसत्या पाट्या होत्या.

दुसरा मोह साम्य-तपासणीच्या वेळी होतो, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उचललेला तर नाही ना, हे तपासतात तेव्हा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आकडा खाली आणायला पोरं शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात. २०२१ मध्ये तीन संशोधकांनी शोधनिबंधांतले असे पिळवटलेले शब्दप्रयोग हुडकून काढले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं झालं होतं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’. मराठीत म्हणायचं तर ऊरसंकट. हसू नका, माझ्या मसुद्यात ‘रोजंदारी’चं ‘दिवसाधारित मोबदला-व्यवस्था’ झालं होतं, आणि तेही कुठल्याही सॉफ्टवेअरविना.

मी पुढे काय केलं? फाइल उघडून ‘द्वारे’, ‘अनुषंगाने’, ‘सदर’ आणि ‘करण्यात आले’ हे शब्द शोधले. एका प्रकरणात ‘करण्यात आले’ इतक्यांदा निघालं की मोजणं सोडलं. प्रत्येक ठिकाणी विचारलं, कोणी केलं? ‘मुलाखती घेण्यात आल्या’ म्हणजे मी घेतल्या. मग ‘मी घेतल्या’ लिहायला लाजायचं कशाला? काही गाईडना ‘मी’ चालत नाही, तिथे ‘संशोधिकेने’ लिहा, पण ‘द्वारे’ टाळा. जिथे कोणी केलं हे मलाच सांगता येईना, तिथे बहुतेक वेळा मी ते पाहिलेलंच नव्हतं. अशी दोन आख्खी पानं गेली. ‘अनौपचारिक क्षेत्र’सारखे शब्द मात्र ठेवले. त्यांना ठरलेला अर्थ आहे, आणि परीक्षकाला तो माहीत असतो. आणखी एक सवय लागली: ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये जागा मिळाली की एक पान हळू आवाजात वाचायचं. ऐरोली यायच्या आत दम लागला तर वाक्य तोडायचं.

नवा मसुदा झाल्यावर त्यातलं गाडीचं पान ज्यांच्या पाटीशेजारी मी चार महिने बसले होते, त्या मावशींना वाचून दाखवलं. मांदेली निवडता निवडता त्या ऐकत होत्या. ‘गाडी आठवड्यात कोणत्याही दिवशी येते’ या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“गुरुवारी कशाला येईल गं? गुरुवारी आमीच निम्म्या नसतो. गिऱ्हाईक म्हावरं खात नाय त्या दिवशी.”

चार महिन्यांत मी एकाही गुरुवारी तिथे गेले नव्हते. गुरुवारी आमचा कोर्सवर्कचा तास असायचा.