हे भोक पेशंटचं की तुमचं? सेग्मेंटेशनच्या कामात येणाऱ्यांसाठी थोडं

'मॅडम, सेग्मेंटेशन शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?' असे मेसेज सांगली-मिरजेच्या मुलामुलींकडून मला अधूनमधून येतात. विचारणारे साधारण दोन प्रकारचे. एक मेकॅनिकल नाहीतर कॉम्प्युटरचे इंजिनिअर, दुसरे बीपीटी (फिजिओथेरपी), बीडीएस (दातांचे डॉक्टर) किंवा माझ्यासारखे सीटीच्या कन्सोलवर बसलेले टेक्निशियन. इंजिनिअरला शरीररचनेची धास्ती, आणि आमच्याकडच्यांना कॉम्प्युटरची. कॉम्प्युटरचं काही महिन्यांत जमून जातं. स्लाइस, म्हणजे स्कॅनमधले शरीराचे आडवे काप, वाचायची नजर मात्र सावकाश तयार होते आणि या कामात पैसे त्या नजरेचेच मिळतात, एवढं आधीच सांगून ठेवते.

काम काय, ते थोडक्यात. सीटी किंवा एमआरआयच्या शेकडो स्लाइसमधून हवा तेवढाच भाग, म्हणजे जबडा, लिव्हर, मांडीचं हाड, रंगवून वेगळा काढायचा आणि त्याचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं. सर्जन ते प्रिंट करून हातात घेतात, त्यावर प्लेट वाकवून बघतात, ट्यूमर रक्तवाहिनीपासून किती लांब आहे ते मोजतात. एआय कंपन्यांना अशीच रंगवलेली स्कॅन मशीनला शिकवायला लागतात. नोकऱ्या बहुतेक पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत आहेत, काही घरून करता येतात.

मिरजेत राहून शिकण्याचा फायदा मात्र आहे. वॉनलेस हॉस्पिटल 1894 पासून, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कन्नड पेशंटांची रीघ तर रोजचीच. इथे एमबीबीएसची मुलं पहिलं वर्ष संपलं की बोन सेट, म्हणजे अभ्यासाच्या हाडांचा संच, ज्युनिअरना देऊन टाकतात. इंजिनिअर मंडळींनी त्यांच्याशी ओळख काढावी आणि हाडं हातात घेऊन फिरवून बघावीत. डावं-उजवं हाड डोळे मिटून ओळखता आलं की स्क्रीनवरची निम्मी भीती जाते.

फुकट सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी स्लायसर आणि आयटीके-स्नॅप ही दोन पुरेत. थ्रीडी स्लायसर घ्या, सरावासाठी स्कॅन त्यातच मिळतात. लॅपटॉपला 16 जीबी रॅम हवी आणि माऊस चांगला घ्या. टचपॅडवर हे काम केलं तर मनगट महिन्याभरात बोलायला लागतं.

आता स्कॅनकडे. पेशंटचे नातेवाईक फिल्मची मोठी पिशवी घेऊन येतात. त्या फिल्मचा आपल्याला काडीचा उपयोग नाही, डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, हवी. सीडी दिली तरी त्यात बऱ्याचदा 5 मिमीच्या जाड स्लाइस असतात. रिपोर्ट करायला त्या चालतात, पण मॉडेलला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. आपल्याला 1 मिमी किंवा त्याहून पातळ सिरीज पाहिजे. सीटी सेंटरला लगेच फोन करायचा: 'दादा, रॉ डेटा आहे का अजून? 0.625 ने रिकॉन करून द्याल का?' म्हणजे त्याच डेटातून 0.625 मिमीच्या पातळ स्लाइस परत बनवून द्याल का. रॉ डेटा कन्सोलवर थोडेच दिवस राहतो, नंतर पुढच्या पेशंटांखाली पुसला जातो. मी कन्सोलच्या त्या बाजूला बसलेली असल्यामुळे सांगते, फोन वेळेत आला तर टेक्निशियन नाही म्हणत नाही.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. तो हाउन्सफील्ड एककात मोजतात: पाणी 0, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, हाड साधारण 200-300 पासून वर. ज्यांचं नाव त्या एककाला आहे ते गॉडफ्री हाउन्सफील्ड स्वतः इंजिनिअर होते आणि 1979 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. डॉक्टरांना घाबरणाऱ्या इंजिनिअरांना हे मी मुद्दाम ऐकवते. तर 200 च्या वरचं सगळं निवडा म्हटलं, म्हणजे थ्रेशोल्ड लावला, की दोन सेकंदांत कवटी समोर उभी राहते. नवीन माणूस खूश होतो, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. काम खरं तिथून सुरू होतं.

डोळ्याच्या खोबणीचंच घ्या. आपल्या भागात मोटरसायकलचे अपघात काही कमी नाहीत, त्यामुळे चेहऱ्याची ही केस हमखास येते. खोबणीची खालची भिंत, जिला सगळे ऑर्बिटचा फ्लोअर म्हणतात, काही ठिकाणी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसते. तिच्यावर चरबी आणि खाली सायनसमधली हवा. एका ठिपक्यात अर्धं हाड 600 चं आणि अर्धी हवा उणे 1000 ची आली, तर मशीन सरासरी देतं: उणे 200. थ्रेशोल्डच्या हिशेबात तिथे हाडच नाही, म्हणून मॉडेलमध्ये भोक पडतं. गंमत पुढे आहे. ज्या बाजूला मार लागलाय तिथला सायनस रक्ताने भरला असेल, तर त्याच सरासरीत हवेऐवजी 60 च्या आसपासचं रक्त येतं, उत्तर 330 होतं आणि हाड बऱ्यापैकी दिसतं. म्हणजे कधी कधी चांगल्या बाजूची खोबण चाळणी होते आणि फुटलेली बाजू त्या मानाने धड दिसते! त्यात चांगल्या बाजूचा आरसा करून फुटलेल्या बाजूची प्लेट ठरवायची पद्धत असल्याने हे भोक तसंच सोडलं तर घोटाळा थेट ऑपरेशन टेबलावर जातो.

आमचे एक सर्जन मॉडेल हातात घेतलं की प्रत्येक वेळी विचारतात, 'मॅडम, हे भोक पेशंटचं की तुमचं?'

उत्तर त्रिमितीय चित्रात सापडत नाही. कोरोनल (समोरून दिसणारे) आणि सॅजिटल (बाजूने दिसणारे) काप उघडायचे, हाड नीट दिसेल अशी उजेडाची सेटिंग, म्हणजे बोन विंडो, लावायची आणि कडेवरून सावकाश चालत जायचं. भोक खोटं असेल तर तिथे अंधूक करडी रेघ सलग दिसते आणि चरबी आपल्या जागी असते. खरं फ्रॅक्चर असेल तर रेघ तुटते, चरबी खाली सायनसमध्ये लोंबते, आजूबाजूला रक्त असतं. तरीही पटत नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारायचं, अंदाजाने बुजवायचं नाही. जिथे हाताने भरलं तिथे 'ही भिंत हाताने भरली आहे' अशी टीप मॉडेलसोबत गेलीच पाहिजे.

निवडलेल्या भागाचे सुटे तुकडे वेगळे करणारं आयलंड्स नावाचं टूल आहे. थ्रेशोल्डमध्ये सीटीचं टेबलही उचललं जातं, म्हणून नवीन मुलं 'सगळ्यात मोठा तुकडा ठेवा' दाबतात. टेबल जातं, आणि त्याच्याबरोबर फ्रॅक्चरचा सुटा तुकडा आणि गुडघ्याची वाटीही जाते. टेबल सिझर्स या कापायच्या टूलने कापा. स्मूदिंगचंही तेच. हात फिरवला की मॉडेल देखणं होतं, पण कड सरकते आणि पातळ हाड विरून जातं. गुळगुळीत मॉडेल दिसलं की मला आधी शंका येते.

एआयबद्दल सगळे विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या हॉस्पिटलमधून आलेलं टोटलसेग्मेंटेटर हे एआय टूल पहिल्याच आवृत्तीत अवयव, हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या असे 104 भाग आपोआप वेगळे करत होतं आणि ते फुकट वापरता येतं. वापराच. लिव्हर हाताने रंगवत बसण्यात आता शहाणपण नाही. पण फुटलेलं हाड, ट्यूमरने ढकललेला अवयव, धातूच्या प्लेटची झळाळी, इथे ते गडबडतं आणि तिथेच माणूस लागतो. डाइस स्कोअर, म्हणजे मशीनचं आणि माणसाचं रंगवणं किती जुळतं त्याचा 0 ते 1 मधला आकडा, 0.95 आला म्हणून हुरळून जाऊ नका. लिव्हरसारख्या मोठ्या अवयवात कडेचा महत्त्वाचा तुकडा सुटला तरी स्कोअर छानच येतो.

एसटीएल, म्हणजे प्रिंटिंगसाठीची त्रिमितीय मॉडेलची फाइल, पाठवताना दोन गोष्टी बघा. त्या फाइलमध्ये मापाचं एकक लिहिलेलं नसतं. समोरच्याने मिलिमीटरऐवजी इंच धरला तर जबडा 25.4 पट होतो. ते निदान लगेच लक्षात तरी येतं, डावं-उजवं उलटलेलं येत नाही. स्क्रीनवर पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, म्हणून मॉडेलवरच बाजूचं अक्षर कोरून टाकायची सवय लावा.

मुलाखतीत बहुधा एक स्कॅन देऊन बसवतात, शिवाय आधीचं काम बघायला मागतात. त्यासाठी हॉस्पिटलमधलं पेशंटचं स्कॅन उचलू नका, नाव खोडलं तरी नाही. डोक्याच्या सीटीतून कातडीचा थर उभा केला की चेहरा ओळखू येतो. कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर हवी तेवढी स्कॅन उघड मिळतात, त्यांच्या अटी वाचून ती वापरा. तीन-चार मॉडेल पुरेत, पण प्रत्येकाच्या फोटोशेजारी त्याच जागेची स्लाइस ठेवा, कड दिसेल इतकी मोठी करून. जाणता माणूस आधी तिकडे बघतो.