मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’चे ओव्हर्चर कसे उलगडावे

ऑपेराचा पडदा वर जाण्यापूर्वी वाद्यवृंद जी स्वतंत्र रचना वाजवतो, तिला ओव्हर्चर म्हणतात. संगीत नाटकातील नांदी येथे चटकन आठवते, परंतु नांदीला शब्दांचा आधार असतो, ओव्हर्चरला नसतो. म्हणून कथानक आधी वाचून त्यातील पात्रे सुरांत शोधत बसण्यापेक्षा सुरांची बांधणी आधी नीट पाहावी आणि कथेकडे शेवटी वळावे, हे बरे.

‘द मॅजिक फ्लूट’चा पहिला प्रयोग 30 सप्टेंबर 1791 रोजी व्हिएन्नात झाला. ओव्हर्चरची नोंद मोझार्टने स्वतःच्या रचनासूचीत केली ती 28 सप्टेंबरला, म्हणजे अवघे दोन दिवस आधी. रचना साधारण सात मिनिटांची आहे. साल्झबर्गच्या मोझार्टेयम संस्थेने मोझार्टच्या रचनांची स्वरलिपी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केली आहे, ती उतरवून घ्यावी. मात्र पहिल्या ऐकण्यात ती मिटूनच ठेवावी आणि संगीत कोठे कोठे थांबते, एवढेच घड्याळाकडे पाहून टिपावे. हे थांबेच पुढच्या सर्व विश्लेषणाच्या खुंट्या आहेत.

दुसऱ्यांदा ऐकताना केवळ संथ आरंभावर, म्हणजे पहिल्या पंधरा बारांवर (बार म्हणजे स्वरलिपीतील ठरावीक मात्रांचा एक गट) लक्ष द्यावे. पूर्ण वाद्यवृंदाचे तीन भारदस्त कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, येतात आणि प्रत्येकानंतर शांतता पसरते. पहिला एकटाच येतो. दुसऱ्या व तिसऱ्यापूर्वी मात्र एक आखूड आघात येतो, त्यामुळे कानाला एकूण पाच ठोके ऐकू येतात. पहिला कॉर्ड ई फ्लॅट मेजरचा (मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचा), दुसरा सी मायनरचा (मायनर म्हणजे कोमल गंधाराचा), आणि तिसरा पुन्हा ई फ्लॅट मेजरचा, पण त्याच्या तळाशी मूळ स्वर नसून गंधार असतो. घरी परतूनही पाय पुरता टेकलेला नाही, असा तो परिणाम आहे. येथे ट्रोम्बोन या पितळी फुंकवाद्यांचा आवाज वेगळा काढून ऐकावा. त्या काळी व्हिएन्नात हे वाद्य मुख्यतः चर्चच्या संगीतात वाजत असे, त्यामुळे या हलक्याफुलक्या लोकनाट्याच्या दारातच एक धार्मिक गांभीर्य उभे राहते.

नंतरच्या द्रुत भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. धून अगदी साधी आहे: एकाच स्वरावर सहा भरभर आघात आणि चौथ्या मात्रेवर अचानक जोर देऊन घेतलेली एक लहानशी गिरकी. ती पहिल्यांदा दुसरी व्हायोलिने हळू आवाजात मांडतात, पहिली व्हायोलिने तीच धून पंचमावरून उचलतात आणि मग खालची तंतुवाद्ये येऊन मिळतात. एकच धून अशी एकामागून एक उचलण्याची ही फ्यूगची पद्धत आहे. परंतु पुढचा आराखडा सोनाटाचा, म्हणजे मांडणी, विस्तार आणि पुनरागमन अशा टप्प्यांचा आहे, आणि या दोन पद्धतींची सांगड मोझार्टने कशी घातली, हाच विश्लेषणाचा गाभा होय. प्रत्येक प्रवेश पेन्सिलीने खुणावत गेल्यास लक्षात येते की बासरी आणि ओबो (सनईसारखे एक फुंकवाद्य) यांचा नाजूक संवाद सुरू होतो, तेव्हाही त्याखाली तीच ठकठक चालू असते. दुसरी धून आली असे म्हणावे, तर पहिली गेलेलीच नसते.

हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या कानाला येथे एक अडचण येते, कारण आपल्याकडे तानपुऱ्यावरचा षड्ज बैठकभर हलत नाही. या रचनेत तो सरकतो. ई फ्लॅटचा पंचम म्हणजे बी फ्लॅट, आणि द्रुत भागाच्या पूर्वार्धाअखेर तोच नवा षड्ज होतो. हार्मोनियमवर ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन, धरून ठेवावी आणि ती कोठे खटकू लागते ते पाहावे. षड्ज सरकण्याचे स्थान पुस्तकी व्याख्येपेक्षा असे लवकर कळते.

नेमक्या त्याच ठिकाणी वेग थांबतो. तंतुवाद्ये गप्प होतात आणि फुंकवाद्ये बी फ्लॅट मेजरमध्ये तीन-तीनच्या गटांनी नऊ आघात करतात. आरंभीच्या पाच ठोक्यांशी त्यांची तुलना लेखी करावी, कारण दोन्हींना एकच समजण्याची चूक फार होते. मोझार्ट 1784 पासून फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाचा सदस्य होता आणि तीन ही संख्या त्या पंथाच्या विधींत महत्त्वाची आहे. पण प्रत्येक तिनात गूढार्थ शोधण्याचा उत्साह आवरावा. यानंतर धून बी फ्लॅट मायनरमध्ये झाकोळते, अनेक स्वरांतून फिरते आणि ई फ्लॅटला परतते. मघाचा बासरी-ओबोचा संवादही आता तेथेच होतो.

द्रुत भागाच्या या धुनेचे क्लेमेंटी या समकालीन पियानोवादक-संगीतकाराच्या ‘सोनाटा’ म्हणवणाऱ्या एका पियानोरचनेशी असलेले साम्य प्रसिद्ध आहे. 1781 मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याच्यासमोर दोघांची जुगलबंदी झाली, तेव्हा क्लेमेंटीने तो सोनाटा वाजवला होता. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले, तर उचल सारखी आणि पुढची वाटचाल अगदी निराळी असल्याचे दिसते.

सर्वांत शेवटी ऑपेराचा दुसरा अंक लावावा. पुजाऱ्यांच्या सभेत ते तीन-तीनचे आघात पुन्हा ऐकू येतात. द्रुत भागाची ती धून मात्र संपूर्ण ऑपेरात कोणीही गात नाही.