जीआरईचे शब्द पाठ होतात, पण पेपरात चुकतात? या चुका टाळा

जीआरई म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी देतात ती परीक्षा, आणि 'व्हर्बल' हा तिचा इंग्रजीचा भाग. चिपळूणला माझ्याकडे या व्हर्बलसाठी येणाऱ्या एका मुलीची वही गेल्या पावसाळ्यात चाळत होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर मोत्यासारखं. 'अबेट'समोर लिहिलं होतं 'कमी होणे'. पुढे कुठेतरी 'सबसाइड', तिथेही 'कमी होणे'. 'एब' आणि 'वेन' यांच्यासमोरही तेच. मेहनत खरी होती, यात शंका नाही. तरी सराव पेपरात गाळलेल्या जागा भरताना ती सारखी अडत होती.

मी तिला विचारलं, वाशिष्ठीचा पूर जातो तेव्हा घरी काय म्हणता? "पाणी उतरलं." आणि पाऊस? "जोर ओसरला." खाडीत? "ओहोटी लागली." 22 जुलै 2021 चा पूर तिने स्वतः पाहिलेला, त्यामुळे 'उतरलं' म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तेच 'सबसाइड': पुराचं पाणी उतरतं, सूज उतरते, राग उतरतो. 'अबेट' म्हणजे ओसरणं. ज्याला जोर असतो त्याचा जोर जाणं, मग ते वादळ असो, साथ असो की कळ. 'एब' म्हणजे ओहोटीसारखं हळूहळू मागे सरणं, जसा अंगातला उत्साह सरतो. आणि 'वेन' म्हणजे कृष्णपक्षातल्या चंद्रासारखं घटत जाणं. सत्ता आणि लोकप्रियता यांच्यासाठी हा शब्द फार येतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्या भाषेत चार वेगळी क्रियापदं असताना वहीत मात्र आपण एकच लिहितो. अर्थाचा रकाना काढून टाका आणि तिथे आपल्या गावातलं, आपल्या डोळ्यांसमोरचं एक वाक्य लिहा. फक्त असे चार भाऊबंद पहिल्यांदाच एका बैठकीत घेऊ नका, त्यांची सरमिसळ होते. एकेकाशी ओळख झाली की मग शेजारी बसवा.

दुसरी चूक ओळखीच्या शब्दांची. 'पुसिलॅनिमस' (भित्रा) पाठ करणारी मुलं 'क्वालिफाय' वाचून पुढे जातात, कारण तो येतोच! पण 'क्वालिफाइड प्रेझ' म्हणजे पात्र माणसाची स्तुती नव्हे, हातचं राखून केलेली स्तुती. 'सँक्शन' आपल्याला कर्जमंजुरीमुळे माहीत, पण तोच शब्द निर्बंधासाठीही वापरतात. 'टेम्पर' क्रियापद म्हणून आला तर तीव्रता कमी करणं, 'चेक' म्हणजे आवर घालणं, 'पेडेस्ट्रियन' म्हणजे नीरस. हे शब्द अवघड शब्दांच्या यादीत सहसा नसतात, उताऱ्यात मात्र असतात. त्यांच्यासाठी वेगळी वही करा. ती जाड होत जाईल, होऊ द्या.

शब्दाच्या रूपावर भुलू नका. 'एनर्व्हेट' पाहून एनर्जी आठवते, पण अर्थ उलटा आहे: त्राण काढून घेणं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना जो चिकचिकीत उकाडा होतो ना, तो 'एनर्व्हेटिंग'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्षपाती. 'इनव्हॅल्युएबल' पाहून कवडीमोल म्हणणारे भेटतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे 'अमूल्य' याच घडणीचा आहे. मूल्य करता येत नाही, इतकं ते मोठं. इथे मराठी आड येत नाही, मदतीला येते. 'मॅग्नॅनिमस'मधला लॅटिन 'मॅग्नस' आणि आपला 'महा' एकाच कुळातले. पुढचा 'अनिमस' म्हणजे मन. झाला की महामना! 'इग्नाइट'मध्ये अग्नी आहे, 'जुव्हेनाइल'मध्ये युवा आहे. मुळं शिका, पण अर्थ वाक्यातच तपासा.

शब्दाची चवही लिहून ठेवा. 'फ्रुगल' काटकसरी, 'मायझर्ली' चिकट. वडिलांना पहिला म्हटलेला चालेल, दुसरा नाही.

काल पाठ केलेलं आज आठवत नसेल तर वही पुन्हा वाचत बसू नका. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तेच फसवं असतं. अर्थ झाका आणि आठवून पाहा. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच मांडलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग अंतर वाढवत. चिठ्ठ्या करून खोक्याचे कप्पे पाडा. आठवला तो शब्द पुढच्या कप्प्यात, चुकला तो परत पहिल्यात. पावसाळ्यात चिठ्ठ्या सर्दावतात, तेव्हा हेच मोबाइलवर करा.

ओळखीच्या दादा-ताईंकडून आलेल्या जुन्या झेरॉक्स तपासून घ्या. विरुद्धार्थी शब्दांचे आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे) प्रश्न ऑगस्ट 2011 मध्येच परीक्षेतून गेले. सप्टेंबर 2023 पासून व्हर्बलला 27 प्रश्न आणि 41 मिनिटं आहेत, आणि त्यातलं जवळपास निम्मं उताऱ्यांवर. यादी संपूनही स्कोअर हलत नसेल तर शब्द वाढवू नका, वाचन वाढवा. रोज एक लांब इंग्रजी लेख, विषय कंटाळवाणा असला तरी.

'सेंटेन्स इक्विव्हॅलन्स'मध्ये एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. तिथे समानार्थी जोडी दिसली की मुलं झडप घालतात, पण ती जोडी बऱ्याचदा वाक्यात बसतच नाही. आधी पर्याय हाताने झाका, रिकाम्या जागी आपला साधा शब्द, मराठी सुचला तर मराठी, मनात ठेवा आणि मगच पर्याय बघा. दोनपैकी एकच बरोबर आला तर अर्धा गुण मिळत नाही. चुकीला गुण कापत मात्र नाहीत, तेव्हा अडलेल्या प्रश्नावर खूण करा, काहीतरी निवडून ठेवा, वेळ उरला तर परत या.