कार्डाच्या मागचा नंबर

अमेरिकेत नवीन आलेल्या माणसाला आम्ही जुनी मंडळी भरपूर सांगतो. सोशल सिक्युरिटी नंबर, गाडी, शाळांचे रेटिंग, तुरीची डाळ कुठे स्वस्त. पण घरात कुणाची दारू हाताबाहेर गेली, कुणाला महिनोन्महिने झोप नाही, कुणी बाळंतपणानंतर खोलीतून बाहेरच येत नाही, तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न कोण विचारणार? मला असे फोन येतात ते रात्री साडेदहानंतर, आणि सुरुवात ठरलेली असते: "काका, एका मित्राबद्दल विचारायचं होतं."

मित्र तर मित्र. मी पुढचं सांगायला लागतो.

माझी दारू सुटून बारा वर्षं झाली. त्याआधी आठ महिने मी एका डॉक्टरांकडे रोख पैसे देऊन जात होतो. दर भेटीचे २०० डॉलर, तेही एटीएममधून काढून, कारण क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव दिसायला नको. कंपनीच्या इन्शुरन्सवर गेलो तर एचआरला कळेल, एचआरला कळलं तर ग्रीन कार्डाची फाइल अडकेल, असा माझा हिशेब. शेवटी बायकोने इन्शुरन्स कार्डाच्या मागचा नंबर फिरवला. तेच उपचार नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरांकडे ३० डॉलर कोपेत, म्हणजे दर भेटीला आपण भरायच्या ठरलेल्या रकमेत, झाले असते. नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं म्हणून हेच असतं: गुपित राखायला रोख पैसे मोजू नका.

आता भीतीचं बोलू. एचआरला काय कळतं? हिपा या आरोग्याची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्यामुळे इन्शुरन्स कंपनी तुमचं निदान तुमच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवू शकत नाही. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा क्लेमचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात, तिथेही ती माहिती नोकरीच्या निर्णयांसाठी वापरायला मनाई आहे. व्यसनमुक्ती केंद्रांच्या नोंदींना तर आणखी एका केंद्रीय नियमाचं, ४२ सीएफआर पार्ट २ चं, कवच आहे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या केंद्रांना तुमच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा ती माहिती बाहेर देता येत नाही.

गुपित फुटतं ते घरी. प्रत्येक क्लेमनंतर 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' नावाचा, कोणत्या उपचाराचं किती बिल भरलं ते सांगणारा कागद पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर येतो. म्हणजे एच-४ वर, नोकरदार नवऱ्याच्या जोडीने मिळणाऱ्या व्हिसावर, आलेली बायको समुपदेशकाकडे गेली तर कागद नवऱ्याच्या नावाने येणार, आणि आईवडिलांच्या पॉलिसीवर असलेल्या मुलाचा कागद बाबा उघडणार. त्यामुळे घरात जिवाला धोका होणार असेल तर इन्शुरन्स कंपनीकडे 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन'ची विनंती करा. मग तो कागद दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं त्यांना भाग पडतं. हा अधिकार फार कमी जणींना माहीत असतो.

व्हिसाचं म्हणाल, तर डिप्रेशनची गोळी घेतली किंवा समुपदेशकाकडे गेलात म्हणून एच-१बी हा नोकरीचा व्हिसा जात नाही. जातो तो दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे. डीयूआयची नुसती अटक झाली, दोष सिद्ध व्हायचा असला, तरी परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. मग भारतात गेल्यावर परतीचा शिक्का नव्याने मागावा लागतो. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत मात्र व्यसनाचा प्रश्न खरोखर येतो. अमली पदार्थांच्या व्यसनाचं निदान असेल तर साधारण बारा महिने त्यापासून दूर असल्याचं दिसावं लागतं. दारूच्या बाबतीत त्या सवयीतून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारं वर्तन झालं का, हे पाहिलं जातं. म्हणजे उपचारांचे कागद इथे तुमच्या बाजूने बोलू शकतात. तपासणी जवळ आली असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि तपासणीच्या डॉक्टरांशी खोटं बोलू नका. गांजाची दुकानं न्यू जर्सीत राजरोस चालतात, पण केंद्रीय कायद्यात तो बेकायदाच आहे, आणि नागरिक नसलेल्या माणसाने विमानतळावर "कधीमधी घेतो" म्हणणं महागात पडतं. इथल्या पोरांचं पाहून तुम्ही जाऊ नका.

तर, तो फोन.

कार्डाच्या मागे 'मेंबर सर्व्हिसेस' असतं, पण 'बिहेव्हियरल हेल्थ' असा वेगळा नंबर दिला असेल तर तोच लावा, कारण मानसिक आरोग्याचं काम पुष्कळदा दुसरीच कंपनी पाहते. वही-पेन घेऊन बसा. नेटवर्कमधल्या भेटीला कोपे किती, की आधी डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची वार्षिक रक्कम) भरायचं? वर्षात माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात? नेटवर्कबाहेर गेलो तर काही परत मिळतं का? पूर्वपरवानगी कशाकशाला लागते? समोरच्याचं नाव, तारीख आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. आमच्या घरची निळी वही अजून आहे. पुढे एक क्लेम नाकारला गेला तेव्हा त्या वहीतल्या एका ओळीने आमचे पैसे वाचवले.

२००८ च्या पॅरिटी, म्हणजे समान वागणुकीच्या, कायद्याने एक गोष्ट पक्की केली: पॉलिसीत मानसिक आरोग्य आणि व्यसनांचे उपचार असतील, तर त्यांवर इतर आजारांपेक्षा कडक अटी लावता येत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांकडे वर्षाला कितीही वेळा जाता येतं आणि थेरपिस्टकडे मात्र दहाच वेळा, असं चालत नाही. क्लेम नाकारला तर अपील करायला १८० दिवस असतात. तिथेही नकार आला तर वैद्यकीय कारणावरून दिलेल्या नकारासाठी बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. लोक पहिल्या नकाराच्या पत्रावरच हात टेकतात. टेकू नका.

इन्शुरन्सच्या वेबसाइटवरची डॉक्टरांची यादी पाहून हुरळून जाऊ नका. त्यातले अर्धे निवृत्त, काहींनी तो इन्शुरन्स सोडलेला, बाकीच्यांकडे नवे पेशंट बंद. मी एका पुतण्यासाठी चौदा फोन केले तेव्हा दोन जागा मिळाल्या, आणि त्यातली एक सहा आठवड्यांनंतरची. अशा वेळी पुन्हा मागचा नंबर लावायचा आणि म्हणायचं, "तुमच्या यादीत कुणी मिळत नाही, तुम्ही शोधून द्या. नाही मिळालं तर बाहेरच्या डॉक्टरांना नेटवर्कचा दर लावा." याला गॅप एक्सेप्शन म्हणतात. मागितल्याशिवाय मिळत नाही. नेटवर्कबाहेर स्वतःहून गेलात तर गणित काय होतं ते पाहा. समजा थेरपिस्ट २२० डॉलर घेतो. इन्शुरन्स म्हणतो, आमच्या मते योग्य दर १२०. त्याच्या ६० टक्के, म्हणजे ७२ डॉलर परत, तेही डिडक्टिबल भरून झाल्यावर. उरलेले १४८ तुमचे. '६० टक्के मिळतात' एवढंच ऐकून गेलेल्यांना इथे घाम फुटतो. पैसे परत मागायला थेरपिस्टकडून सुपरबिल, म्हणजे निदान आणि उपचार नोंदवलेलं सविस्तर बिल, घ्यावं लागतं. एचएसए किंवा एफएसए, म्हणजे उपचारांसाठी करमुक्त पैसे ठेवायचं खातं, असेल तर तुमचा वाटा त्यातून करमुक्त भरता येतो.

कंपनीत ईएपी नावाची, कर्मचाऱ्यांना समुपदेशन देणारी सोय असेल तर ती आधी वापरा. इन्शुरन्सपासून वेगळी, थोड्याच भेटी, पण फुकट. आणि कोण गेलं हे एचआरला कळवलं जात नाही.

नेमकं जायचं कुणाकडे, यात आपल्या लोकांची फार ओढाताण होते. आपल्याला वाटतं सायकिॲट्रिस्टच हवा. इथे सायकिॲट्रिस्ट बहुतेक वेळा गोळ्या पाहतो, वीस-पंचवीस मिनिटांत. तासभर बोलणं ऐकणारे एलसीएसडब्ल्यू (परवानाधारक सोशल वर्कर), एलपीसी (परवानाधारक समुपदेशक) किंवा सायकॉलॉजिस्ट असतात. आणि तुमचा नेहमीचा प्रायमरी केअर डॉक्टर डिप्रेशनची पहिली गोळी सुरू करू शकतो, दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनही लिहून देऊ शकतो. २०२३ पासून अफूवर्गीय गोळ्यांच्या व्यसनावरचं बुप्रेनॉर्फिन द्यायलाही त्याला पूर्वीसारखा खास परवाना लागत नाही. सायकिॲट्रिस्टची तारीख मिळेपर्यंत हातावर हात धरून बसू नका.

मुक्तांगण डोळ्यांपुढे ठेवून पुष्कळ जण विचारतात, "तसं राहायचं केंद्र कुठे आहे?" इथे राहून उपचार ही एक पायरी झाली. तिच्याखाली दिवसभर जाऊन येण्याचा कार्यक्रम, त्याखाली आयओपी (इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅम), म्हणजे आठवड्याला साधारण नऊ तास किंवा जास्त, पुष्कळदा संध्याकाळी, आणि त्याखाली साधी भेट. इन्शुरन्स विचारणार, खालच्या पायरीवर का भागत नाही? माझं आयओपीवर भागलं. नोकरी चालू ठेवून. रजा लागलीच तर एफएमएलए या रजेच्या कायद्याखाली वर्षाला १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. अट अशी की कंपनीत वर्ष झालेलं हवं, त्या वर्षात १,२५० तास काम केलेलं हवं आणि कंपनी पुरेशी मोठी हवी.

एक गोष्ट मात्र घाबरवण्यासाठीच सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी, शपथ घालून, एका दिवसात तोडू नका. हात थरथरणं, भास, आकडी, आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. असं काही दिसलं तर ९११ किंवा सरळ इमर्जन्सी रूम. १९८६ च्या एमटाला कायद्याने तिथे पैसे असोत-नसोत, तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येईल. ना-नफा रुग्णालयांना सवलतीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे, पण फॉर्म तुम्हाला मागून घ्यावा लागतो. बिल आल्या आल्या क्रेडिट कार्डावर भरून मोकळे होऊ नका.

रात्री गूगलवर 'रिहॅब' शोधलंत तर पहिला फोन उचलणारा माणूस दलाल असण्याची शक्यता बरीच. "इन्शुरन्स नंबर द्या, विमानाचं तिकीट आम्ही काढतो, फ्लोरिडाला या." गोड बोलतात, मराठी माणसाला तर 'फुकट तिकीट' फारच गोड लागतं. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याच्या या धंद्याविरुद्ध २०१८ मध्ये केंद्रीय कायदा करावा लागला, यावरून ओळखा. शोध सरकारी फाइंडट्रीटमेंट डॉट गव्ह वर घ्या, किंवा १-८००-६६२-४३५७ लावा. ही सॅम्सा या मानसिक आरोग्य आणि व्यसनांसाठीच्या केंद्रीय संस्थेची हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत असते. ती उपचार करत नाही, जवळची केंद्रं सांगते. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये.

इन्शुरन्सच नसेल तर? नोकरी गेली असेल तर आधी कोब्रा पाहा. वीस किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून सुटल्यावर तोच इन्शुरन्स पुढे चालवायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि नंतर घेतला तरी तो मागच्या तारखेपासून लागू होतो. हप्ता जबर असतो, कारण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा. नाहीतर जवळचं सरकारी अनुदानावरचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. तिथे उत्पन्न पाहून फी ठरते आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सवर, मात्र व्हिसावाल्यांनी सहसा विसंबू नये.

विद्यार्थ्यांसाठी: कॉलेजचं काउन्सेलिंग सेंटर, बहुतेक ठिकाणी फीमध्येच धरलेलं. तब्येतीमुळे विषय कमी घ्यायचे असतील तर आधी डीएसओची, म्हणजे कॉलेजात विद्यार्थी व्हिसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी, मग विषय सोडायचे. उलटं केलं की एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा अडचणीत.

पुण्यातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलण्याची सोय सगळ्यांना मोहात पाडते. भाषा आपली, फी कमी. बोलायला हरकत नाही, पण इथला थेरपिस्ट तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथला परवाना असलेला लागतो. पुण्याच्या फीचं बिल इन्शुरन्स मान्य करणार नाही, आणि तब्येत बिघडली तर त्यांना इथे काही करता येणार नाही. आईबाबा भेटीला येणार असतील तर त्यांच्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह आणा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इथे नियंत्रित यादीत आहेत, आणि व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला सहसा हात लावत नाही.

एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाच्या, मीटिंगला पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, टोपली फिरते तीत वाटलं तर डॉलर टाकायचा. मी पहिल्यांदा गेलो ते चर्चच्या तळघरात, आणि बाहेर गाडीत वीस मिनिटं बसून राहिलो, कुणी देशी दिसेल म्हणून. आत दोन देशी होते. त्यांना मला पाहून माझ्याइतकाच धक्का बसला. माझी बायको ॲल-अनॉनला जायची, ते पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. मी तिथे काय बोलतेस म्हणून कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

आणि 'मित्रा'ला जगणंच नको वाटत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ९८८ ही आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन लावा. हा तीन आकडी नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालतो, मोफत, चोवीस तास. फोन इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये उचलला जातो, पण दुभाष्यामार्फत २४० हून जास्त भाषांची सोय आहे. नुसतं "मराठी इंटरप्रिटर, प्लीज" म्हणा आणि फोन न ठेवता थांबा. मधे थोडा वेळ कुणीच बोलत नाही. तेव्हा फोन कट झाला असं समजू नका.