नीरब्राह्मीचं टिश्यू कल्चर: मदर प्लांटपासून शेडनेटपर्यंत

जळगावच्या केळीमुळे टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं तयार करणं, आपल्याकडे कुणाला नवं राहिलेलं नाही. पण त्यासोबत एक गैरसमजही रुजला, की रोप बाटलीत वाढवलं म्हणजे ते सुधारलं. तसं होत नाही. पेरापासून केलेलं टिश्यू कल्चर ही झाडाची झेरॉक्स असते. मूळ प्रत फिकी असेल तर हजार प्रती फिक्याच निघतात. औषधी वनस्पतीत तर हे जास्तच लागू पडतं, कारण इथे किंमत हिरवेपणाला नसून आतल्या रसायनाला असते.

हात बसवायला नीरब्राह्मी (बाकोपा मोनिएरी) उत्तम. ती फांदीच्या तुकड्यानेही सहज लागते, मग प्रयोगशाळा कशाला, असं कुणी विचारेल. एक तर निवडलेल्या एकाच झाडाची एकसारखी, स्वच्छ रोपं भरपूर मिळतात. दुसरं म्हणजे इथे शिकलेलं कसब पुढे सर्पगंधा किंवा नरक्यासारख्या हट्टी झाडांना उपयोगी पडतं.

आधी मदर प्लांट

ब्राह्मी म्हणून नर्सरीवाले बऱ्याचदा गोलसर पानांची मंडूकपर्णी देतात. आपल्याला हवी ती बारीक, मांसल पानांची, दलदलीत पसरणारी. ओळख वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून पक्की करून घ्या. चार-पाच ठिकाणची झाडं आणून एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवा आणि सुकवलेल्या पाल्यातलं बॅकोसाइडचं (नीरब्राह्मीतल्या औषधी रसायनाचं) प्रमाण एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्या. सरस निघालेलं झाड हाच तुमचा मदर प्लांट. सुधारणेचं अर्धं काम इथेच होतं, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

हे झाड पाणथळ जागेतलं, म्हणजे अंगाखांद्यावर जंतू घेऊनच येतं. म्हणून तीन-चार आठवडे कुंडीत, छपराखाली ठेवा. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. मातीला न टेकलेले वरचे शेंडेच कापायला घ्या.

माध्यम

माध्यम म्हणजे बाटलीतल्या रोपाचं अन्न. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं माध्यम, म्हणजेच एमएस मीडिया, आजही बहुतेक ठिकाणी पहिली पसंती असतं. तयार पावडर मिळते. पाकिटावर साखर आणि अगार (माध्यम घट्ट करणारी पावडर) आधीच घातलंय का ते वाचा, नाहीतर दोन्ही दुप्पट होतात.

एक लिटरसाठी: सुमारे ८०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात पावडर आणि ३० ग्रॅम साखर विरघळवा. बीएपी हे फुटवे आणणारं संप्रेरक थेट पाण्यात नीट विरघळत नाही. १०० मिग्रॅ बीएपी सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या थेंबांत विरघळवून पाण्याने १०० मिलि करा. या द्रावणाचा १ मिलि म्हणजे १ मिग्रॅ. सुरुवातीला लिटरमागे अर्धा ते एक मिग्रॅ पुरे. जास्त घातलं तर फुटवे काचेसारखे पारदर्शक, फुगीर आणि ठिसूळ होतात आणि पुढे जगत नाहीत.

पाणी एक लिटरपर्यंत भरा, पीएच ५.८ वर आणा आणि मगच ८ ग्रॅम अगार घालून तापवा. पीएच फार खाली गेला तर माध्यम घट्टच होत नाही. बाटल्या भरून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर, १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं ठेवा. नंतर तीन-चार दिवस नुसत्या ठेवून द्या. ज्या बाटलीत काही उगवेल ती आधीच बाद.

निर्जंतुकीकरण

खरी परीक्षा इथे. शेंडे अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धरा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. पुढचं सगळं लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली जंतुमुक्त हवा सोडणाऱ्या टेबलावर. मर्क्युरिक क्लोराइड सर्रास वापरलं जातं, पण त्यात पारा आहे, ते विषारी आहे आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतता येत नाही. नवख्याने सोडियम हायपोक्लोराइट घ्यावं: ४ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग, पाण्याचे तीन भाग आणि ट्वीन-२० चे (द्रावण पृष्ठभागावर नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब. नीरब्राह्मीचं खोड कोवळं असतं. पाच ते आठ मिनिटांपलीकडे गेलात तर तुकडे पांढरे पडतात. नंतर ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्याने चार वेळा धुवा.

लॅमिनारमध्ये ७० टक्के अल्कोहोल फवारलं की ते पूर्ण उडाल्याशिवाय बर्नर पेटवू नका. हातमोज्यांवरचं अल्कोहोलही पेट घेतं.

कापताना क्लोरीन लागून पांढरी पडलेली दोन्ही टोकं छाटा. सेंटिमीटरभर तुकडा ठेवा, मधोमध एक पेर. पानं समोरासमोर असल्याने प्रत्येक पेरावर दोन डोळे मिळतात. डोळे माध्यमाच्या वर राहतील असा तुकडा उभा खोचा. एका बाटलीत एकच, कारण एक नासला तर शेजारचा वाचतो.

फुटवे आणि फेऱ्या

तापमान २५ अंश, उजेड १६ तास, अंधार ८ तास. दोन-तीन दिवसांत बाटल्या उजेडासमोर धरून खालून बघा. खोडाच्या बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर जिवाणू, कापसासारखे तंतू दिसले तर बुरशी. अशी बाटली उघडायची नाही. तशीच ऑटोक्लेव्ह करायची आणि मग धुवायची.

स्वच्छ बाटल्यांत तीन-चार आठवड्यांत फुटव्यांचा झुबका तयार होतो. तो कापून नव्या माध्यमावर लावणं म्हणजे सबकल्चर. एका तुकड्याचे दर फेरीत पाच झाले असं धरलं, तर सहाव्या फेरीअखेर १५,६२५ होतात. तरी हाव नको. आठ-दहा फेऱ्यांनंतर पुन्हा मदर प्लांटपासून सुरुवात करा, कारण फेऱ्या वाढतात तसा वेगळं निघणाऱ्या रोपांचा धोका वाढतो.

मुळं आणि हार्डनिंग

मुळांची फार चिंता नको. संप्रेरकाशिवायच्या, अर्ध्या ताकदीच्या एमएसवर ती बहुधा येतातच. बाहेर काढताना मात्र मुळांवरचं अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा. त्यात साखर असते आणि बुरशी तिथेच बसते. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो, म्हणून रोप उघड्या हवेत तासाभरात माना टाकतं. त्याला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावणं म्हणजे हार्डनिंग. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये लावून वर प्लॅस्टिक झाका. आठवडाभराने रोज थोडं थोडं उघडत जा आणि मग शेडनेटमध्ये हलवा.

आता सुधारणा

मदर प्लांटच्या पुढे जायचं असेल तर गुणसूत्रं दुप्पट करण्याचा मार्ग आहे. त्यासाठी कॉल्चिसीन वापरतात. ते मिळतं आपल्याच कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही. ते पेशीविभाजन अडवणारं जहाल विष आहे. हा प्रयोग घरच्या लॅबमध्ये नको, महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेत जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. पानं जाड, गडद झाली म्हणजे काम फत्ते असं नाही. मुळाच्या टोकाच्या पेशींतली गुणसूत्रं मोजावी लागतात आणि बॅकोसाइड पुन्हा तपासावं लागतं. कधी पानं मोठी होतात, पण रसायन तेवढंच राहतं.

प्रत्येक बाटलीवर क्लोन (कुठल्या मदर प्लांटची प्रत), फेरी आणि तारीख लिहा. शेतात लावलेल्या पहिल्या तुकडीतून दहा-वीस झाडांचा पाला मदर प्लांटच्या पाल्यासोबत एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत पाठवा. वेगवेगळ्या ऋतूंत तोडलेल्या पाल्याचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो.