पडद्यावरचे दान कसे पाहावे

धनाढ्य व्यक्तीने ओळख लपवून गरीब वस्तीत काही दिवस काढायचे, तिथल्या लोकांसोबत राबायचे आणि अखेरीस खरे नाव सांगून धनादेश हाती ठेवायचा, हा रिअॅलिटी शोचा साचा आता परिचयाचा झाला आहे. ब्रिटनमध्ये चॅनेल फोरवर २००६ मध्ये सुरू झालेला ‘द सीक्रेट मिलियनेअर’ याच साच्यावर उभा होता. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीने त्याची आवृत्ती आणली, तेव्हा किमान एक लाख डॉलर देण्याची अट होती. असा भाग पाहताना डोळे पाणावतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते दान घेणाऱ्याच्या कितपत उपयोगी पडले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने तोच भाग दुसऱ्यांदा, वही-पेन घेऊन पाहावा.

सुरुवात शेवटच्या प्रसंगापासून करावी. पाहुणा खिशातून पाकीट काढतो, समोरची बाई दोन्ही हातांनी तोंड झाकते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. नेमके तिथे चित्र थांबवून धनादेश कोणाच्या नावे आहे हे शोधावे: त्या बाईच्या, की ती चालवत असलेल्या संस्थेच्या? अमेरिकेत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळू शकते, एखाद्या कुटुंबाला थेट दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. ब्रिटनमध्ये करदात्याने संस्थेला ‘गिफ्ट एड’ योजनेखाली एक पौंड दिला, तर सरकारकडून संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. म्हणून व्यक्तीला दिलेली रक्कम कमी प्रतीची असे मुळीच समजू नये. बुडत्या घराला हात देणाऱ्याने कराचा हिशेब केला नाही, ही माझ्या मते त्याच्या बाजूने जाणारी गोष्ट आहे.

त्यानंतर पैसा कोणाच्या खिशातला आहे ते पाहावे. ‘अंडरकव्हर बॉस’ हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये २००९ साली आणि अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २०१० साली सुरू झाला. त्यात कंपनीचा प्रमुख वेश पालटून स्वतःच्याच कामगारांमध्ये मिसळतो आणि शेवटी काहींना बक्षिसे देतो. मालकाने नोकराला दिलेली रक्कम अमेरिकी करकायदा सहसा भेट मानत नाही, उत्पन्न मानतो. शिवाय तुटपुंज्या पगाराची जी अडचण आपण पडद्यावर पाहतो, ती निवडलेल्या तिघाचौघांपुरती सुटते आणि त्याच पाळीत राबणाऱ्या इतरांची तशीच राहते. अशा भागाला दान म्हणण्याआधी एकच गोष्ट तपासावी: वेतन किंवा नियम सर्वांसाठी बदलला का?

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो देणगीनंतरच्या खर्चाला, कारण कार्यक्रमात त्याचा उल्लेख क्वचितच येतो. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २००३ पासून चाललेल्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’मध्ये गरजू कुटुंबाला सहलीला पाठवून सुमारे आठवडाभरात घर नव्याने बांधून दिले जाई. कुटुंब परतते, आडवी लावलेली बस बाजूला होते, घर दिसते, आणि आनंद अगदी खरा असतो. पण घर मोठे झाले की मालमत्ता कर वाढतो, विजेचे आणि तापवण्याचे बिल वाढते, उत्पन्न मात्र तेवढेच राहते. काही कुटुंबांना ही घरे पुढे विकावी लागली, काहींच्या घरांवर कर्जापोटी जप्ती आली. म्हणून इमारत, वाहन किंवा यंत्र दिल्याचे दिसले की त्याचा वर्षाचा खर्च कोण सोसणार हे वहीत लिहावे. भागात उत्तर नसेल तर जागा कोरी ठेवावी.

रकमेचा आकडा संपत्तीशी ताडून पाहावा. एक कोटी पौंडांच्या धन्याने ५० हजार दिले, तर ते अर्धा टक्का होतात. २० हजारांची पुंजी असलेल्याने १०० पौंड देण्याइतके. याने देणगी लहान ठरत नाही, कारण छोट्या संस्थेला ५० हजार म्हणजे एखाद्या पूर्णवेळ कार्यकर्त्याचा वर्षाहून अधिक काळचा पगार असू शकतो. लहान ठरते ते फक्त निवेदकाचे कौतुक.

ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांच्याकडेही पाहावे. पाहुणा खोटी ओळख सांगून त्यांच्या घरात बसला, त्यांनी आजारपण आणि कर्ज त्याच्यापुढे उघडे केले आणि ते सारे प्रक्षेपित झाले. त्यांची संमती नेमकी कशासाठी घेतली होती आणि नंतर त्यांची विचारपूस झाली का, हा प्रश्न देणगीच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

शेवटी संस्थेचे नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि वर्षा-दोन वर्षांनी ते शोधावे. इंग्लंड-वेल्समधील संस्था असेल तर धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत, अमेरिकेतील असेल तर तिने करखात्याकडे दरवर्षी भरलेल्या फॉर्म ९९० या विवरणपत्रात जमाखर्च विनामूल्य पाहता येतो. कार्यक्रमाच्या वर्षी उत्पन्नाचा आकडा उंचावलेला दिसेल. त्याच्या पुढच्या ओळीत खर्च काय झाला आणि संस्था अजून सुरू आहे का, ते वाचावे.