मॉलच्या शेअरचा लांब पल्ल्याचा चार्ट वाचताना या चुका टाळा

सायमन प्रॉपर्टी ग्रुप ही अमेरिकेतली मॉलवाली बडी कंपनी. २०१६च्या मध्यात तिचा शेअर २२० डॉलरच्या वर होता. मार्च २०२०मध्ये मॉलना टाळं लागलं तेव्हा तो ५०च्या खाली गेला आणि २०२१ संपताना पुन्हा १५०च्या वर आला. हा चार्ट पाहून बहुतेकांचा निकाल ठरलेला असतो: एवढी वर्षं धरून बसलेल्याचं चांगलंच नुकसान झालं. नुकसान झालं हे खरं, पण किती झालं ते या रेषेवरून कळत नाही. मधल्या काळात कंपनीने शेअरमागे दर वर्षी साधारण ६ ते ८ डॉलर लाभांश वाटला. तो मोजला की शिखरावर घेणाऱ्याचा तोटा निम्म्याच्या आसपास येतो.

फक्त भाव पाहणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि या क्षेत्रात ती इतरांपेक्षा महाग पडते. अमेरिकेतल्या मॉल कंपन्या बहुतांशी रीट असतात, म्हणजे मालमत्ता बाळगून तिचं उत्पन्न भागधारकांना वाटणाऱ्या कंपन्या. रीटला करपात्र उत्पन्नाच्या किमान ९० टक्के रक्कम भागधारकांना वाटावी लागते. नफा कंपनीतच ठेवून वाढणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा भाव चढत जातो, कारण तो पैसा आत साठतो. इथे पैसा दर तिमाहीला बाहेर पडतो. त्यामुळे दहा वर्षं आडवी गेलेली रेषा म्हणजे दहा वर्षं फुकट गेली असं नाही. १०० ला घेतलेला शेअर वर्षाला ५ देत राहिला आणि दहा वर्षांनी ९५ वर असला, तर चार्ट ५ टक्के तोटा दाखवतो. हातात मात्र ९५चा शेअर आणि ५० रोख असतात.

याच चुकीचं जुळं भावंड म्हणजे रीटचा नुसता भाव एका बाजूला आणि लाभांश धरलेला निर्देशांक दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करणं. अशा तुलनेत रीट हरणारच. दोन्हीकडे लाभांश धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा.

ॲडजस्टेड भावालाच खरा भाव समजणं

वरची चूक कळली की लोक ॲडजस्टेड क्लोजकडे, म्हणजे लाभांशाचा हिशोब करून बदललेल्या बंद भावाकडे वळतात आणि तिथे उलट्या बाजूने फसतात. हा आकडा कसा तयार होतो ते एकदा पाहून घ्या. शेअर ८४ वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी २.१० लाभांशाची एक्स-डेट (ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) असेल, तर २.१० भागिले ८४ म्हणजे २.५ टक्के. मग त्याआधीच्या प्रत्येक दिवसाचा भाव ०.९७५ ने गुणला जातो. पुढच्या लाभांशाला पुन्हा तेच. तिमाहीला सव्वा टक्का लाभांश देणाऱ्या कंपनीत अशा ४० तिमाह्या झाल्या की दहा वर्षांपूर्वी प्रत्यक्षात १०० ला विकला गेलेला शेअर चार्टवर साधारण ६० वर दिसतो.

परतावा मोजायला हा आकडा उत्तम आहे. पण ‘६० ला जुना आधार आहे, तिथे आला की घेऊ’ असं म्हणालात तर तुम्ही अशा पातळीची वाट पाहताय जिथे कधी कुणी सौदाच केला नव्हता. त्या वर्षाचा लाभांश ६० ने भागून ‘तेव्हा काय यील्ड (भावाच्या तुलनेत लाभांश) मिळत होतं!’ म्हणणंही तितकंच चुकीचं. पातळ्या आणि मूल्यांकनासाठी फक्त स्प्लिटचा (एका शेअरचे अनेक करण्याचा) हिशोब केलेला भाव घ्या. दोन साइटवर एकाच शेअरचे जुने भाव जुळत नसतील तर घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.

चार्टवर विचित्र खड्डा किंवा अशक्य उंची दिसली तर

आधी कंपनीच्या घोषणा बघा. मे २०१४मध्ये सायमनने आपले छोटे मॉल वॉशिंग्टन प्राइम ग्रुप नावाच्या वेगळ्या कंपनीत काढले. सायमनच्या दर दोन शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. हा हिशोब न धरणाऱ्या चार्टवर ती घसरण वाटते. अशक्य उंचीचं कारण बहुधा रिव्हर्स स्प्लिट, म्हणजे अनेक शेअरचा एक करणं. पेन्सिल्व्हेनिया रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टने २०२२मध्ये १५ शेअरचा एक केला. त्यानंतरच्या चार्टवर जुना भाव शेकड्यांत दिसू लागला, जो बाजारात कधी नव्हताच. आणि रिव्हर्स स्प्लिट दिसला की नुसता चार्ट दुरुस्त करून थांबू नका. चालत्या धंद्याला तो सहसा लागत नाही. या कंपनीने नोव्हेंबर २०२०मध्ये एकदा आणि डिसेंबर २०२३मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. वॉशिंग्टन प्राइमनेही डिसेंबर २०२०मध्ये नऊचा एक केला आणि पुढच्या जूनमध्ये कोर्टात गेली.

सोयीचा आरंभबिंदू

मार्च २००९च्या तळापासून मोजलं तर बऱ्याच मॉल रीट सोन्याच्या वाटतात आणि २०१६च्या शिखरापासून मोजलं तर माती. दोन्ही आकडे खरे, दोन्ही निरुपयोगी. प्रत्येक वर्षाच्या अखेरीपासून पुढच्या पाच-पाच वर्षांचा परतावा काढा आणि सगळे शेजारी मांडा. चार्ट लॉग स्केलवर ठेवा, म्हणजे १० वरून २० आणि १०० वरून २०० सारख्याच उंचीचे दिसतील.

उतरती रेषा म्हणजे मॉल रिकामे, असं धरणं

भावाखाली कर्ज असतं आणि चार्ट ते दाखवत नाही. समजा मालमत्तेतून वर्षाला निव्वळ ६ कोटी येतात आणि बाजार त्यावर ६ टक्के परतावा मागतो. किंमत झाली १०० कोटी. कर्ज ६० कोटी, भागधारकांचे ४०. आता व्याजदर चढल्यामुळे बाजार ७ टक्के मागू लागला. भाडं तेच, भाडेकरू तेच, पण किंमत साधारण ८६ कोटी आणि भागधारकांचे २६. म्हणजे भाग तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटला आणि एकही दुकान बंद झालं नाही. मार्च २०२२ ते जुलै २०२३मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला. त्या काळातली घसरण वाचताना हे गणित जवळ ठेवा.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘एवढा पडलाय, आता आणखी किती पडणार’ हा युक्तिवाद असतो. जनरल ग्रोथ प्रॉपर्टीजने एप्रिल २००९मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिचे मॉल चालू होते, भाडंही येत होतं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेना, एवढंच. डॉलरच्याही खाली गेलेला तो शेअर नंतर सावरला आणि त्याचीच गोष्ट सगळे सांगतात. ज्यांचे शेअर सावरले नाहीत त्यांचे चार्ट आज बऱ्याच साइटवर उघडतही नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. घसरलेला शेअर घेण्याआधी पुढच्या तीन वर्षांत किती कर्ज फेडीला येतंय तो तक्ता वार्षिक अहवालात शोधा. तो मिळेपर्यंत चार्ट बाजूला ठेवलेला बरा.

शेअरची संख्या न पाहणं

अडचणीच्या काळात पडक्या भावात नवे शेअर काढले जातात. १० कोटींचे १५ कोटी शेअर झाले की कंपनीचं एकूण मूल्य जुन्या जागी परतलं तरी भाव जुन्या शिखराच्या दोन तृतीयांशावरच अडकतो. ‘जुनं शिखर गाठेलच’ म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ तपासावी.

आता चार्टचा नीट उपयोग. रीटमध्ये निव्वळ नफ्यापेक्षा एफएफओ (फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स) बघतात: नफ्यात इमारतींचा घसारा परत मिळवायचा आणि मालमत्ता विकून झालेला फायदा वजा करायचा. तिमाही निकालात याचा शेअरमागचा आकडा तयार मिळतो. दहा वर्षांचा हा आकडा एका रकान्यात, वर्षअखेरचा भाव दुसऱ्यात, आणि भावाला एफएफओने भागून येणारा भागाकार तिसऱ्यात मांडा. भाव पडला पण एफएफओ जागेवर असेल तर बाजाराने पट, म्हणजे हा भागाकार, कमी केला, आणि तो व्याजदरामुळे की भीतीमुळे हे शोधायचं. एफएफओच दरवर्षी घसरत असेल तर भागाकार कितीही स्वस्त दिसो, उतरती रेषा बरोबरच सांगतेय. एफएफओ वाढतोय पण शेअरमागे वाढत नाहीये, तर पुन्हा शेअरच्या संख्येकडे जा.